त्र्याहत्तराव्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर केमो झेपेल का?

आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया होऊन गेली, अहवालात तिसरा टप्पा आला, आणि आता नातेवाईक ‘या वयात केमो नको’ म्हणत आहेत, शिवाय वडिलांना रोगाचे नावही सांगितलेले नाही, असे आपण लिहिले आहे. मी तासगावचा निवृत्त शिक्षक. हेच निदान मला सत्तरी ओलांडल्यावर झाले, आणि त्याला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

तिसरा टप्पा म्हणजे रोग आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे, परंतु यकृत किंवा फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत आढळलेला नाही. या टप्प्यावर उपचार देतात ते रोग बरा व्हावा याच हेतूने. दिसणारी गाठ शस्त्रक्रियेत निघते; मागे राहिलेल्या, तपासणीत न दिसणाऱ्या पेशींसाठी केमो असते, आणि ती शक्यतो शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू करतात. भावकीच्या बैठकांत हा अवधी घालवू नये.

वयाचे म्हणाल, तर मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या जन्मतारखेकडे फारसे लक्ष दिले नाही. जिना चढता येतो का, वजन किती घटले, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन किती आहे, हृदयाचा त्रास आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, हे मात्र त्यांनी खोदून विचारले. सत्तरीनंतर ऑक्झालिप्लॅटिन हे शिरेतून द्यायचे केमोचे औषध जोडल्याचा जादा लाभ थोडा असतो आणि हातापायांच्या मुंग्या दीर्घकाळ राहू शकतात, असे समजावून त्यांनी मला केवळ कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या दिल्या : दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, मग एक आठवडा विश्रांती, अशी आठ आवर्तने. वडिलांसाठीही हा पर्याय चालेल का, हे आपण स्पष्ट विचारावे. ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असतील, तर तेही आधीच सांगावे, कारण या गोळ्यांमुळे तिचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो.

त्रास झाला नाही असे नाही. तळपाय लाल होऊन सोलवटले, चप्पल घालणे नकोसे झाले. तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी केली. जुलाबांना मात्र किरकोळ समजू नये, कारण वृद्ध शरीरातील पाणी फार लवकर आटते. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा अधिक शौचास जावे लागले, तर गोळी थांबवून दवाखान्यात फोन करावा, आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. सांगली ही हळदीची पेठ असल्यामुळे भेटीला येणारा प्रत्येक जण हळदीचा एखादा अर्क घेऊन येत असे. आमटीतली हळद चालू ठेवून बाकी सारे मी कपाटात बंद केले.

खर्चासाठी सत्तरीपुढील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. त्यात यादीतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

राहिला सांगण्याचा प्रश्न. सांगावे, आणि डॉक्टरांसमोर सांगावे. दिवसातून दोनदा गोळ्या घेऊन तळपाय स्वतः तपासणाऱ्या माणसाला ते कशासाठी, हे ठाऊक नसेल, तर तो तिसऱ्या आवर्तनातच कंटाळून सोडून देईल. सर्व ऐकूनही त्यांनी केमो नाकारली, तर तो निर्णय त्यांचा असेल, आणि त्यानंतरही सीईए (रोग परतल्याची चाहूल देणारी रक्ततपासणी), सीटी स्कॅन व वर्षभराने कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठे आतडे पाहणे) या तपासण्या चालू ठेवता येतात.