क्षयरोगाच्या निगेटिव्ह आलेल्या स्लाइड (थुंकीचा थर दिलेल्या काचपट्ट्या) तपासणीनंतर लगेच टाकून दिल्या तर चालतात का?

नाही; फेरतपासणीसाठी नमुना काढून होईपर्यंत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळ्याच स्लाइड रजिस्टरच्या क्रमाने ठेवा आणि त्यांच्यावर निकाल लिहू नका. जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्थांच्या २००२च्या मार्गदर्शिकेतली पद्धत अशी: पर्यवेक्षक त्यांतून कोणत्याही काही स्लाइड निवडतो आणि पहिला निकाल माहीत नसलेला तंत्रज्ञ त्या पुन्हा वाचतो. नजरेतून सुटलेला रुग्ण निगेटिव्ह ढिगातच सापडणार! १+ ते ३+ ची, म्हणजे जास्त जंतू असलेली, स्लाइड निगेटिव्ह ठरली असेल तर ती मोठी चूक. सूक्ष्मदर्शकाच्या १०० दृष्टिक्षेत्रांत जेमतेम १ ते ९ जंतू असलेली निसटली तर लहान. मात्र जंतू चमकवणाऱ्या ऑरामाइन या रंगद्रव्याचा रंग लवकर उडतो, म्हणून अशा जुन्या स्लाइडवरची तफावत पुन्हा रंगवून पाहिल्याशिवाय तंत्रज्ञाच्या माथी मारू नये.