अंथरुणाला खिळलेल्या आईचं करताना
कूस बदलायला गेलं की आई हात झटकते, ओरडते, असं बऱ्याच घरांत होतं. बऱ्याचदा कारण साधं असतं: न सांगता अंगाला हात लागतो. आधी समोर या, नजर जुळू द्या, "आई, आता डाव्या कुशीवर वळवते हं" म्हणा आणि थोडं थांबा. उतारवयात शब्द पोहोचायला वेळ लागतो. एवढ्यानेही बरीच चिडचिड कमी होते.

कूस साधारण दर 2 तासांनी बदला. पूर्ण कुशीवर न टाकता पाठीमागे उशी देऊन 30 अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घाला. टाचा अधांतरी हव्यात. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर ती बेडसोरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे भाग गरम किंवा कडक लागतो का पाहा. डॉक्टरांना दाखवा, पण चोळू नका. (मायेने तेल चोळणारेच इथे घोळ करतात.) भरवताना बसतं करा आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवा.

भावंडांना "जमेल तेव्हा ये" म्हटलं की कोणी फिरकत नाही. "रविवारी 10 ते 2 तू" असं नेमून द्या.

आणि रोज 15 मिनिटं औषध-डायपरविना तिच्यापाशी बसा. वेणी घाला, जुनी गाणी लावा; हात चालत असतील तर वाती वळायला द्या.