पटत नाही, आणि अ‍ॅग्रीमेंट संपायला अजून सात महिने

"रूममेटशी बोलणं बंद आहे, घरी पाऊल टाकवत नाही, पण अ‍ॅग्रीमेंटवर सगळ्यांच्या सह्या आहेत. सोडू कसं?" नोकरीसाठी ऐरोली-घणसोलीकडे आलेल्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. एका केसवरून उत्तर देतो. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ऐरोलीत टू बीएचके, तिघी मुली. भाडं 36,000, डिपॉझिट 1,20,000, म्हणजे प्रत्येकीचे 40,000. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (घर वापरायला देण्याचा करार), त्यातले चार महिने झालेले. एकीची रात्रपाळी; पहाटे पाचला कॅब सोडते, की मिक्सर आणि स्पीकरवर फोन. दुसरीच्या खोलीत एसी. समुपदेशनाला आली ती तिसरी. झोप उडालेली, ऑफिस सुटल्यावर तास-दीड तास स्टेशनवरच बसून राहायची. फ्रिजमध्ये दुधाच्या तीन पिशव्या, तिन्हींवर मार्करने आद्याक्षर. तिचं पालुपद एकच: "त्या मुद्दाम करतात."

मारहाण, धमकी किंवा चोरून व्हिडिओ काढणं, असं काही आहे का, हे आधी विचारलं. तसं असतं तर समेटाच्या गोष्टी करायच्याच नसतात. 112 ला फोन, आधी बाहेर पडायचं, पैशांचं नंतर बघायचं. इथे तसं नव्हतं.

मग फोनमधली अ‍ॅग्रीमेंटची पीडीएफ उघडायला लावली. तिने ती कधी वाचलीच नव्हती (बहुतेक जण अंगठा लावून मोकळे होतात). लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, सहा महिन्यांचं, पुढे एक महिन्याची नोटीस. म्हणजे सात नव्हे, फार तर तीन महिने. या एका आकड्याने तिचा जीव खाली पडला. मात्र भाड्याची जबाबदारी तिघींची एकत्रित होती. तिने भाडं थांबवलं असतं तर मालकाने ते डिपॉझिटमधून कापलं असतं किंवा उरलेल्या दोघींकडे मागितलं असतं. दोन्हीकडून भांडण वाढणारच. डिपॉझिटही मालक घर रिकामं झाल्यावर देणार. मध्येच निघणारीचे 40,000 सहसा तिच्या जागी येणारीकडूनच सुटतात.

आता "मुद्दाम". ते बाजूला ठेवून फक्त काय होतं आणि किती वाजता, एवढंच लिहायला सांगितलं. लांबलचक यादीतून खरे मुद्दे दोनच निघाले: पहाटेचा मिक्सर आणि विजेचं बिल.

बिलाचे सरळ तीन भाग पडत होते, खदखद तिथली होती. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. जानेवारीत या घराची युनिटं 140, मे महिन्यात 390. शंभराच्या पुढची महाग, तीनशेच्या पुढची आणखी महाग, आणि एसीची युनिटं नेमकी त्या वरच्या टप्प्यांत पडतात. म्हणून एसीची युनिटं वेगळी धरून सरासरी दराने केलेला हिशेबही एसीवालीला स्वस्त पडतो. तोडगा असा निघाला: जानेवारीच्या बिलाएवढी रक्कम, वर पंख्यांचे म्हणून थोडे, तिघींत, बाकी सगळं एसीवालीचं. यापेक्षा चोख हवं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून एसीला सब-मीटर (फक्त त्याची युनिटं मोजणारा वेगळा मीटर) बसवून घ्यावा.

बोलणं रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, अर्ध्या तासात, या दोनच मुद्द्यांवर. भांडी, पाहुणे काही काढायचं नाही. दोघींनी आधी आपसात ठरवून तिसरीला समोर बसवलं की बैठकीची पंचायत होते, म्हणून मुद्दे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकले. ठरलेलंही ग्रुपवरच चार ओळींत लिहिलं. व्हॉइस नोट नको. ती पुन्हा कोणी ऐकत नाही.

मिक्सर सकाळी आठनंतर लागू लागला. दुधाच्या पिशव्या तीनच राहिल्या. लॉक-इन संपल्यावर तिने मालकाला ईमेलने नोटीस दिली आणि बदली मुलगी त्यांना दाखवून घेतली. "तिच्याऐवजी ही राहील" एवढ्या तोंडी बोलण्यावर निघाली असती तर तिचं नाव करारात तसंच राहिलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, म्हणून जुना रद्द करून नवा नोंदवला, नवीन मुलीची माहिती पोलिसांना कळवली. त्याचा खर्च निघणारीनेच द्यायचा, हे आधीच ठरलं होतं. 40,000 खात्यात जमा झाल्यावर तिने चावी दिली.