वीज जाऊन आली की प्रिंटरवर चलनं अडकतात: कप्समध्ये काय बदलायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं वर्कशॉप, दोन्ही संगणकांवर डेबियन लिनक्स, आणि त्यात छपाई सांभाळणारं कप्स. खाली काउंटरला यूएसबी लेझर, वर ऑफिसात लॅनचा प्रिंटर. वीज जाऊन आली की वरच्याची चलनं अडकतात, कधी रांग ‘पॉज्ड’ दिसते. आणि खालच्यावर वरून छापता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकू नका, तो तर रोज छापतोय. वीज आल्यावर राउटर प्रिंटरला वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊ शकतो, आणि कप्स जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती छापून घ्या, त्यातला मॅक पत्ता (प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये टाका, म्हणजे दर वेळी तोच आयपी मिळेल. समजा १९२.१६८.१.५० राखून ठेवलात.

मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडा. पासवर्ड तुमचाच चालतो, फक्त तुमचं नाव ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात हवं. ‘अ‍ॅड प्रिंटर’मध्ये आयपीपी (नेटवर्कवरून छापायची पद्धत) निवडून ‘आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट’ असं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत भरा. रांगेच्या नावात मोकळी जागा नको. मॉडेलच्या यादीत ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ असेल तर तेच घ्या, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. प्रिंटर जुना असेल तर आयपीपीऐवजी सॉकेट निवडा, पोर्ट ९१००. मग मात्र ड्रायव्हर लागतो. कागद ए४ आहे ना, तेही बघा. ‘लेटर’ राहिलं तर काही प्रिंटर तो कागद मागत थांबतात.

आता ‘पॉज्ड’चं. छपाई चालू असताना वीज गेली की काम फसतं, आणि एरर पॉलिसी (काम फसलं तर काय करायचं, ते) ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल तर कप्स अख्खी रांगच थांबवतं. ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’मधल्या ‘पॉलिसीज’मध्ये ती ‘रिट्राय-जॉब’ करा. आत्ता थांबलेली रांग ‘रिझ्युम प्रिंटर’ने सुरू होईल. टर्मिनलवरून करणार असाल तर ‘एलपीअ‍ॅडमिन’ याच नावाच्या कमांडला मोठा ई (‘-ई’) रांगेच्या नावानंतर द्या. तिथे तो रांग चालू करतो; आधी दिलात तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन होतो, आणि नवी रांग बंदच राहते. इथे भलेभले फसतात.

खालच्या प्रिंटरसाठी दोन खुणा लागतात: ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मधली शेअरिंगची, आणि त्या रांगेची स्वतःची. दुसरी बहुतेकांची राहते. फायरवॉल असेल तर ६३१ उघडा. वरच्या संगणकावर रांग आपोआप दिसली नाही तर पत्ता हाताने भरा: ‘आयपीपी://’, काउंटरच्या संगणकाचा आयपी, मग ‘/प्रिंटर्स/’ आणि रांगेचं नाव. त्या संगणकाचाही आयपी राखून ठेवा.