‘ळ’ म्हणता येत नाही, म्हणून भाषाविज्ञान नको?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. ध्वनिविज्ञानाच्या पेपरात कशीबशी पास झाली, तरी तिला भाषाविज्ञानात एम.ए. करायचं आहे. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले. माझ्या आईकडे वाढल्यामुळे ती ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणते. मी प्रत्येक चुकीला दहा रुपये दंड लावला, पाहुण्यांसमोर शब्द परत म्हणायला लावतो, तरी फरक नाही. आता ती घरी फारशी बोलतच नाही. जिचा उच्चारच शुद्ध नाही, तिने हा विषय घ्यावा का? बी.एड. करून टाकावं, की यातून स्पीच थेरपिस्ट होता येईल? – एक पालक

उत्तर :

तुमच्या पत्रात गुणांपेक्षा दंडाबद्दल जास्त लिहिलेलं आहे, म्हणून आधी दंडाचंच बोलू. तो आजपासून बंद करा. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पाहुण्यांसमोर ‘शाळा, शाळा’ घोकायला लावलं की तिचा ‘ळ’ सुधारत नाही, ती तोंड उघडायचं टाळते. ‘आता ती घरी फारशी बोलतच नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला सगळ्या पत्रात काळजी वाटली ती या वाक्याची. शिवाय हा दंड एकट्या मुलीला बसत नाही. जिने तिला वाढवलं त्या तुमच्या आईच्या बोलण्यावर तुम्ही दहा-दहा रुपये लावता आहात, आणि हे मुलीला नीट कळतं.

‘शाया’ ही चूकही नाही. चूक असती तर कधी झाली असती, कधी नसती. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’, ‘शाळा’ची ‘शाया’. एका ठरावीक ध्वनीच्या जागी दुसरा ठरावीक ध्वनी, पिढ्यान्‌पिढ्या. हा नियम कुठे लागतो, कुठे अडतो, हे शोधणं म्हणजेच तुमच्या मुलीला शिकायचा आहे तो विषय. तिच्याकडे लहानपणापासून दोन ध्वनिव्यवस्था आहेत, घरची आणि शाळेची. हे भांडवल पुण्यामुंबईच्या कितीतरी विद्यार्थ्यांकडे नसतं.

स्वनविज्ञान, म्हणजे तुम्ही लिहिलेलं ध्वनिविज्ञानच, हा शुद्ध बोलायला शिकवणारा विषय, हा समज फार पसरलेला आहे. तुम्हीच करून बघा. ‘चार’ हा आकडा मोठ्याने म्हणा, मग ‘गुरं चार’ म्हणा. लिपीत च एकच. पण पहिल्यात जिभेचा पुढचा भाग टाळूकडे जातो (तालव्य च), दुसऱ्यात जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं (दंततालव्य च). हा फरक ऐकणं, त्याचं वर्णन करणं, तो मोजणं हे स्वनविज्ञान. आता ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ म्हणा. तेच दोन च आले, पण इथे निवड आपल्या हातात नाही. पुढे ‘ई’ आली की दंततालव्य च तालव्य होतो. ‘आ’च्या आधी मात्र दोन्ही च येऊ शकतात आणि ‘चार’चा अर्थ बदलतो, म्हणून ते दोन वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारे ध्वनी. कोणता फरक अर्थ बदलतो आणि कोणता शेजारच्या ध्वनीमुळे आपोआप घडतो, हे ठरवणं म्हणजे स्वनिमविज्ञान. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हा प्रश्न या सगळ्यात येतच नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण तिचे गुण इथेच गेले असावेत. तळहात ओठांसमोर धरून ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हणा. दुसऱ्या वेळी हवेचा झोत लागेल. मराठीत या झोताने अर्थ बदलतो. इंग्रजी ‘पिन’मध्ये प नंतर झोत असतो, ‘स्पिन’मध्ये नसतो, पण इंग्रजांच्या कानाला दोन्ही एकच. १९६४ मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी ११ भाषांमध्ये हवा सुटल्यापासून स्वरतंतूंचा कंप सुरू होईपर्यंतचा वेळ मोजला. त्यांत मराठीही होती. त, थ आणि द वेगळे ओळखायला तो वेळ पुरतो, द आणि ध वेगळे ओळखायला पुरत नाही, असं त्यांना दिसलं. ‘थाट’ आणि ‘धाट’ सहज वेगळे म्हणणाऱ्या माणसाला हे मोजमाप शिकणं अवघड नाही.

बी.ए.च्या पेपरात मुलं अडकतात ती लिप्यंकनात, म्हणजे उच्चार ध्वनिचिन्हांत लिहिण्यात, आणि कारण बहुधा एकच असतं : कानाऐवजी स्पेलिंगवरून लिहितात. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ‘कार’च्या शेवटी र नसतो, तरी लिहितात. ‘कॅट्स’च्या शेवटी स असतो आणि ‘डॉग्ज’च्या शेवटी त्याचा घोष जोडीदार, कारण आधीचा ट अघोष (स्वरतंतू न कंपता होणारा) आणि ग घोष (कंपून होणारा), स्पेलिंग दोन्हीकडे सारखंच, म्हणून दोन्हीकडे स लिहून येतात. ४४ ध्वनींचा तक्ता (२४ व्यंजनं, २० स्वर) आधी हाताखाली पक्का करायचा, मग रोज दहा शब्द शब्दकोशातलं चिन्हांकन झाकून लिहायचे आणि ताडून बघायचे. स्वरांवर जास्त वेळ द्यावा, चुका तिथेच जास्त होतात.

तिला स्वतःला ‘ळ’ हवा असेल, तरच शिकावा. ‘ट’ म्हणताना जिभेचं टोक जिथे लागतं तिथे ते वळवून टेकवायचं, हवा दोन्ही बाजूंनी सोडायची, आणि टोक पुढे झटकायचं. आधी ‘आळा’, ‘आळी’ असे सुटे तुकडे, शब्द नंतर.

स्पीच थेरपिस्टचा विचार सोडून द्या. त्या पदवीला बारावी विज्ञान लागतं. कला शाखेतून हा रस्ता नाही. बी.एड. एम.ए.नंतरही करता येतं. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये भाषाविज्ञान स्वतंत्र विषय आहे.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलणार नाही. कायमच्या जागा थोड्या आहेत, प्रकल्पांवरचं कंत्राटी काम जास्त. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, पुण्याचं सी-डॅक (सरकारी संगणक संशोधन संस्था) आणि बोलणं ओळखणारी किंवा वाचून दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, असा हा परीघ आहे. तिथे लागणारं काम मात्र खरं आहे. ‘करणे’ लिहिताना र पूर्ण असतो, बोलताना त्यातला ‘अ’ गळतो, हे यंत्राला कुणीतरी नियमाने सांगावं लागतं. त्यासाठी भाषाविज्ञानाबरोबर पायथॉनमध्ये थोडंफार प्रोग्रॅमिंग यायलाच हवं. तेवढी तयारी नसेल तर नुसत्या एम.ए.वर विसंबू नये.

तिची आवड खरी आहे का, हे तिसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत कळेल. ‘ळ’ असलेले पन्नास शब्द काढावेत, त्यांत ‘फळ’सारखे शेवटी ळ असलेले आणि ‘होळी’सारखे ‘ई’च्या आधी ळ असलेलेही हवेत. वस्तू किंवा चित्र दाखवून आजीकडून वदवून घ्यावेत, वाचून दाखवू नयेत. नाहीतर आजी नातीचा उच्चार उचलेल. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब ठेवून करावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज दाबलेला असतो, तो मोजमापाला चालत नाही. मग ‘प्रात’ हे आवाज मोजण्याचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून बघावं : ‘ई’च्या आधी य ऐकू येतो की गळतो? अलीकडे शाळेतून आलेल्या शब्दांत ळ टिकतो का? ‘काळा’ आणि शरीर या अर्थाची ‘काया’ आजीच्या तोंडी अगदी एक होतात का? हे करताना ती कंटाळली तर बी.एड.चा विचार तिच्याशी बसून करा. रमली तर पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू या ठिकाणी भाषाविज्ञानाचं एम.ए. आहे. शेवटच्या दोन्हींना सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.