रमण राघवने खुनांची कबुली देऊनही त्याला फाशी का झाली नाही? अशा सीरियल किलरना लगेच फासावर का चढवत नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "कबुली आहे, हत्यार आहे, मग वीस-वीस वर्षं सरकारी भाकरी कशाला?" मी वकील नाही. मुंबईच्या सत्र न्यायालयात, काळा घोड्याच्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत, 31 वर्षं स्टेनो होते. न्यायाधीश साहेब डायसवरून सांगत आणि मी टाइप करत असे. त्यात फाशीचे निकाल तीन. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करते. रमण राघवला फाशी सुनावली गेली होती. फक्त दिली गेली नाही.

हा माणूस रात्री झोपड्यांत, फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात घाव घालायचा. 1965-66 मध्ये मुंबईत रेल्वेमार्गाच्या कडेच्या वस्त्यांत 19 जणांवर हल्ले झाले, त्यात 9 जण गेले. तेव्हा पोलिसांनी त्याला संशयावरून उचललाही होता. पण खुनी कोणी पाहिलेलाच नव्हता, म्हणून सोडून दिला. फाशी हवी की नको यावर आपण घसा कोरडा करतो, पण 1966 साली तो हातात होता, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 1968 मध्ये उत्तर उपनगरांत पुन्हा खून सुरू झाले. गुन्हे शाखेची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. 27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला रस्त्यात ओळखून पकडलं. पुढची कोंबडीची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. तोंड उघडेना, मग कोंबडी मागितली, डोक्याला तेल, कंगवा, आरसा मागितला, आणि मग घडाघडा सगळं सांगितलं.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. गोरेगावला चाळीत राहायचो. माणसं गॅलरीत झोपायची बंद झाली, उकाड्यात दारं लावून घ्यायची, आणि पुरुष पाळीपाळीने रात्री जागायचे. एका रात्री मालाडच्या बाजूने एक माणूस गाठोडं घेऊन चालत आला. त्याला हटकलं तर तो घाबरून पळाला. पळाला म्हणजे तोच, असं ठरलं. गाठोड्यातून पाना, पक्कड आणि स्टोव्हच्या पिना निघाल्या. स्टोव्ह दुरुस्त करणारा होता बिचारा. पण गाठोडं सोडून बघायची आठवण लोकांना मारून झाल्यावर झाली. आमच्या आप्पांच्या हातात कपडे वाळत घालायची लांब काठी होती. म्हातारपणी एकदा ते आपणहून म्हणाले, "मीपण दोन घातल्या होत्या गं." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या प्रश्नातल्या 'कबुली'शी त्याचा संबंध आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात तसं लिहिलं आणि परवाच्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. कबुलीच्या आधारे जी वस्तू सापडते, तेवढ्यापुरतंच ते बोलणं ग्राह्य. तो स्टोव्हवाला चाळीच्या हाती सकाळपर्यंत राहिला असता, तर त्यानेही सगळे खून कबूल केले असते.

आता खटला. 1969 मध्ये तो सत्र न्यायालयात चालला. बचाव एकच होता, आरोपी वेडा आहे. पोलीस सर्जन म्हणाले, वेडा नाही. नायर रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, याला जुना स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक आहे किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं. तेव्हाच्या दंडविधानाच्या कलम 84 मध्ये नेमका हाच प्रश्न होता, की कृत्य करताना माणसाला ते समजत होतं का. न्यायालयाने बचाव मानला नाही आणि फाशी सुनावली. त्याने अपीलही केलं नाही.

गोष्ट इथेच संपली असती, जर सत्र न्यायालयाची फाशी अंतिम असती. ती नसते. आरोपीने अपील करो वा न करो, प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. कोर्टात आम्ही त्याला नुसतं 'कन्फर्मेशन' म्हणायचो. तोवर कागदावर फाशी आणि माणूस तुरुंगात. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. ते त्याला पाच वेळा, दरवेळी दोनेक तास भेटले. शेवटच्या भेटीत त्यांनी निरोपाला हात पुढे केला, तर तो म्हणाला, मी 'कानून'चा प्रतिनिधी आहे, या पापी जगातल्या माणसांना शिवत नाही. मंडळाने त्याला मनोरुग्ण ठरवलं. येरवड्याला उपचार चालू राहिले, पण तो बरा होईना. 4 ऑगस्ट 1987 रोजी फाशीची जन्मठेप झाली आणि 1995 मध्ये तो ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला.

गुन्हा करताना वेडा होता की नव्हता, हा एक प्रश्न. फासावर नेताना तो भानावर आहे की नाही, हा दुसरा. लोक हे दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात. दुसऱ्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये, आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, स्पष्ट सांगितलं, की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी रद्द करायला कारण होऊ शकतो.

आपल्याकडे कधी देतच नाहीत, असंही नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा खून झाले होते. त्यातल्या चौघा खुन्यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी दिली.

उशीर होतो तो कुठे? गावित बहिणींचं बघा. लहान मुलं पळवायची, त्यांना पुढे करून गर्दीत चोऱ्या करायच्या आणि पोर नकोसं झालं की मारायचं. 1996 मध्ये अटक, 2001 मध्ये कोल्हापूरला फाशीची शिक्षा, 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. म्हणजे कोर्टांनी पाच वर्षांत तीन पायऱ्या संपवल्या. पुढे दयेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि 2014 मध्ये फेटाळला गेला. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो 7 वर्षं, 10 महिने, 15 दिवसांचा विलंब मोजला, सरकारी यंत्रणेची बेपर्वाई काढली आणि जन्मठेप दिली. टीव्हीवर मात्र शिव्या कोर्टाला. आता नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दयेच्या अर्जाला मुदती घातल्यात, पण राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं, हे त्यातही नाही.

आणि घाईचं म्हणाल, तर नोएडातलं निठारीचं बालहत्याकांड आठवा. मुख्य आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. सप्टेंबर 2014 मध्ये त्याला फासावर द्यायची तयारी झाली होती. मध्यरात्रीनंतर स्थगिती मिळाली. 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बारा खटल्यांत त्याला निर्दोष सोडलं, आणि ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली होती, त्यातूनही त्याच न्यायालयाने 2025 मध्ये सोडलं. कबुलीजबाबही टिकला नाही आणि जप्तीही. मग ती पोरं मारली कोणी? अजून कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे मुंबईतल्या खूनसत्रात 'बिअर मॅन' म्हणून पकडलेला आरोपीही तसाच. 2007 मध्ये पेपरांनी त्याचा निकाल लावून टाकला होता, मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सोडून दिलं.

1955 पर्यंत खुनाला फाशी हा नियम होता. दिली नाही, तर का नाही हे न्यायाधीशाला लिहावं लागायचं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटं केलं, फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी आली. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, असं त्यात सांगितलंय. प्रत्यक्षात कसं बघतात, ते सांगते.

माझ्या पहिल्या फाशीच्या निकालात (हा सीरियल किलर नव्हता, घरफोडीतला खून होता) दोषी ठरवल्यावर साहेबांनी विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय? तो आधी वकिलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, ठेकेदाराकडं माझी एक महिन्याची हजेरी बाकी आहे. ती आईला द्यायला सांगा." माझी बोटं थांबली. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, लिहा, आरोपीने दयेची याचना केली. मी तसं टाइप केलं. दुपारी जेवणानंतर शिक्षा झाली. (फाशीच्या निकालावर सही केली की न्यायाधीश पेनाची निब मोडतात का, हे मला सगळे विचारतात. आमच्या साहेबांनी बॉलपेनने सही केली आणि पेन परत खिशाला लावलं.) आता 2022 पासून आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल आधी मागवावे लागतात. तेव्हा अर्धा तास आणि एक वाक्य, तेही बदललेलं. पुढे कन्फर्मेशनमध्ये त्याची जन्मठेप झाली.

त्यामुळे मला विचाराल, तर माझं मत फाशीच्या विरोधात गेलंय. एकेकाळी नव्हतं. पण हे मत मी मेलेल्याच्या घरच्यांपुढे कधी बोलून दाखवू शकले नाही.

त्या पहिल्या फाशीच्या निकालादिवशी, ज्याचा खून झाला त्या मुलाची आई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. कळव्याहून यायची, चार घरची धुणीभांडी करायची. मी बाहेर आले तशी उठली आणि म्हणाली, "बाई, झालं ना?" मी सांगितलं, फाशी झाली, पण आता फाइल हायकोर्टात जाईल. तिने पदर खोचला आणि विचारलं, "तिथं परत मला यायला लागंल का? प्रत्येक तारखेला खाडा होतो." मी म्हटलं, नाही, तुम्हाला आता यायला नको. "बरं झालं," म्हणाली, आणि पिशवी उचलून व्हीटीच्या दिशेने निघाली.