बुडालेली धाव वसूल करू नकोस

चि. ...
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आठवडाभर नाइट शिफ्ट, त्यात मुलीला ताप, त्यामुळे हाफ मॅरेथॉनच्या तयारीचं धावणं एकही दिवस झालं नाही आणि आता या रविवारी सगळं एकदम भरून काढायचं म्हणतोस. तसं करू नकोस. बुडालेली धाव बुडाली. ती उधारीसारखी वहीत लिहून ठेवायची नसते.

हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. दम पुरायला लागतो आणि आपण तयार झालो असं वाटतं. पण टाचेमागची शीर, गुडघ्याचे बंध आणि हाडं यांना महिने लागतात. दम आहे म्हणून पायही तयार आहेत असं नाही. बरीचशी दुखणी इथंच उपटतात. उलट आठ-दहा दिवस धावलं नाही तर दमसास जेमतेम घटतो. म्हणजे सुट्टीने तुझं फारसं बिघडलेलं नाही. बिघडेल ते या रविवारच्या हट्टाने.

हाफ मॅरेथॉन 21.1 किलोमीटरची. आजवर जेवढा पाया घातला आहेस त्यावर आठवड्याला तीन धावा पुरेत. रविवारी लांब पल्ला, मधे एक जरा जोराची आणि एक सावकाश. सावकाश म्हणजे धावता धावता पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुझं सावकाश मी वडोदऱ्याच्या कमाटीबागेत पाहिलंय: बँडस्टँडपासून फाटकापर्यंत तोंडातून शब्द नाही! शिवाय घरच्या घरी पंधरा मिनिटं बैठका आणि टाचा उचलणं. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात राहणाऱ्याला बैठका मी काय शिकवणार?

नाइट शिफ्टवरून सकाळी आलास की थेट झोप. बूट घालू नकोस. शरीर सुधारतं ते झोपेत, रस्त्यावर नाही. त्या आठवड्यात संध्याकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास हलकं धावलास तरी खूप.

आता नवरात्र. वडोदऱ्यात राहून गरबा सोडायला मी सांगणार नाही, सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस. पण तो हिशोबात धर. तासन्‌तास एकाच दिशेने गोल फिरायचं, तेही बहुधा अनवाणी. सगळा भार पोटऱ्यांवर आणि तळव्यांवर येतो. मध्यरात्री घरी येऊन पहाटे पंधरा किलोमीटर मारायला निघालेली पोरं मी दरवर्षी बघतो. दसऱ्यानंतर तीच लंगडत असतात. त्या नऊ दिवसांत लांब पल्ला नाहीच, दोन छोट्या धावा पुरे.

पण खरी अडचण घरची आहे. तू बायकोला सांगतोस, रविवारी दोन तास धावतो. घराला मात्र ते चार तास पडतात: धावणं, मग आंघोळ, मग भरपेट नाश्ता, मग दुपारी "जरा पडतो". तेवढा वेळ मुलगी तिच्याकडे, स्वयंपाक तिच्याकडे, आणि सोमवारी तिलाही नोकरीवर जायचं असतं. ती "जा" म्हणाली म्हणजे तिला चालतं असं धरू नकोस. तिच्याशी बसून स्पष्ट बोल. शनिवारची संध्याकाळ तिची, त्या वेळी मुलगी तुझ्याकडे आणि मोबाइल बाजूला. रविवारी परत येताना खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन ये, आणि दुपारची झोप अर्ध्या तासात आटप.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आधी घरच्या तारखा लिही. तुझ्या शिफ्ट, तिच्या ऑफिसची धावपळ, मुलीच्या शाळेचे कार्यक्रम, दिवाळीत येणारे पाहुणे. उरलेल्या जागेत धावा बसव. जागाच उरली नाही तर तो आठवडा चालण्यावर काढ. इंटरनेटवरून उतरवलेला तो सोळा आठवड्यांचा तक्ता फाडून टाक. तो करणाऱ्याला ना शिफ्ट असावी ना सासर.

या रविवारी आठच किलोमीटर, तेही माझ्या वेगाने. पहाटे साडेपाचला काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी ये, त्यानंतर ऊन चढतं. पाण्याची बाटली घे, पण तहान लागेल तेवढंच पी, उगीच लिटरभर ढोसू नकोस. मुलीचा ताप उतरला नसेल तर येऊ नकोस. फोनही नको. पाच मिनिटं वाट बघून मी निघेन.

तुझा,
काका